शेवटच्या कडव्यातलं नाव

१

म्हैस चोरीला जाते, मोटारसायकल चोरीला जाते, बोरमाळ तर भर यात्रेत गळ्यातून जाते. पण माणसाचं नाव चोरीला गेल्याची फिर्याद धरणेंद्र मगदुमांनी सगळ्या पोलीस नोकरीत कधी घेतली नव्हती. ती आली ते फौजदार म्हणून निवृत्त झाल्यावर, सांगलीतल्या राहत्या घरी, पोह्यांवर लिंबू पिळत असताना.

फिर्यादी बुद्धभूषण देवकांत. सांगलीतल्याच एका कॉलेजात ग्रंथपाल, मूळ गाव पाटणच्या वर डोंगराला टेकलेली एक वाडी. माणूस एरवी मवाळ, पण त्या दिवशी कान लाल झालेले. त्यानं रुमालात गुंडाळलेली कॅसेट टेबलावर ठेवली.

"अण्णा, ह्यातनं माझ्या वडिलांचं नाव कुणीतरी पुसलंय."

धरणेंद्रना अख्खी गल्ली अण्णाच म्हणते. गल्लीला हेही ठाऊक आहे की चालू स्थितीतला टेपरेकॉर्डर आता फक्त अण्णांकडे आहे. जुन्या कॅसेटी म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

अण्णा कॅसेट उचलणार एवढ्यात दारात कुरियरवाला आला. "आजी, पार्सल कुणाच्या नावावर आहे? नाव सांगा, मग देतो," असं तो अण्णांच्या बायकोला, प्रभावतीआक्कांना, विचारत होता. आक्का पाटीकडं बोट दाखवत होत्या, आणि त्याला काही पाटी वाचायची नव्हती. शेवटी त्यांनी आत हाक दिली, "आवं, जरा बाहेर या. तुमचं काय असंल ते तुमीच सांगा ह्याला." अण्णा कुरकुरत उठले, दारात जाऊन स्वतःचं नाव स्वतः ओरडले आणि पार्सल घेऊन परतले. पोहे गार झाले ते झालेच.

मग कॅसेट लागली. आधी नुसती खरखर. मग ढोलकी, झांज, आणि एका बाईचा आवाज:

"खाचरात उभी मी, पाठीवर इरलं,
धुक्यात बुडाली वाट गं.
माहेर माझं डोंगराच्या पल्याड,
कोन बघील माझी वाट गं…"

अण्णांच्या हातातला चमचा बशीत तसाच राहिला. त्यांचा चेहरा बघून बुद्धभूषण घाबरला. "काय झालं, अण्णा?"

"हा आवाज," अण्णा म्हणाले, "मी निम्मं आयुष्य शोधालोय."

२

तेव्हा अण्णा नवे शिपाई होते आणि पहिलीच नेमणूक पाटणला. घरची आठवण आली की एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात जाऊन बसायचे. हॉटेलवाला सकाळी भट्टी पेटली की हीच कॅसेट लावायचा. बाहेर धुकं, हातात कपबशी, आणि ही बाई तिच्या माहेराविषयी गायची ती थेट ह्या सांगलीच्या पोराच्या काळजात जायची. आवाज काही फार गोड नव्हता. थोडा जाड, शेवटाला किंचित थरथरणारा. पण ती खोटं गात नव्हती. पुढं बदली झाली, हॉटेल बंद पडलं, कॅसेट कुठल्याच दुकानात मिळाली नाही. बाईचं नावही कुणाला सांगता आलं नाही.

"आईच्या ट्रंकेत सापडली," बुद्धभूषण म्हणाला. "खणात गुंडाळून ठेवलेली. वर बघा, छापलंय, राजाराम आणि पार्टी. राजाराम माझे वडील. मी पाळण्यात असतानाच गेले. आईला विचारलं, गाणी कुणाची? म्हणाली, तुझ्या बापाची. गाणारी कोण? तर म्हणाली, हुती एक पार्टीतली. त्यापुढं चकार शब्द नाही."

"आई गायची?"

"आईला गुणगुणतानाही कधी ऐकलं नाही मी."

खरी मेख पुढं होती. येत्या रविवारी कराडला लोककलेचं संमेलन होतं. त्यात हीच गाणी 'शाहीर धनाजी यांची गीते' म्हणून प्रसिद्ध होणार होती. धनाजी त्याच पार्टीतला जुना गडी. त्याच्याशिवाय ती गाणी आता कुणी म्हणत नव्हतं. एकदा छापील पुस्तकावर आणि मोबाईलवर त्याचं नाव लागलं की राजाराम देवकांत नावाचा माणूस जगात होता हे कुणी विचारणार नव्हतं. बुद्धभूषणजवळ बापाचा धड एक फोटोही नव्हता. होती ती ही गाणी.

"आमच्याकडं गाणं करणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव घालतो," तो म्हणाला. "पार्टीतल्या हरणाबाई मला सांगतात, प्रत्येक गाण्यात वडिलांचं नाव यायचं. आता ऐका."

शेवटचं कडवं आलं. बाई थांबली. ढोलकीवर चार थापा कडाडल्या, बाकी सगळ्यांपेक्षा मोठ्या. मग बाई पुढं म्हणाली, "…सांगतो, ऐक माझे सखे, उजाडल्याबिगर ऱ्हात न्हाई गं."

"सांगतो. कोण सांगतो?" बुद्धभूषणचा आवाज चढला. "नाव काढून तिथं ढोलकी घुसडलीय. सगळ्या गाण्यांत."

अण्णांनी कॅसेट उलटी-पालटी केली. पाठीवरच्या प्लास्टिकच्या दोन बारीक पट्ट्या मोडलेल्या होत्या. वरून कुणी दुसरं काही भरू नये म्हणून त्या काळी सगळेच मोडायचे. भोकांवर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता यायचं, पण तिचा मागमूस नव्हता.

"ह्या कॅसेटीत कुणी हात घातलेला न्हाई," अण्णा म्हणाले. "चोरी झाली असंल तर ती जिथं गाणी भरली तिथंच झालीय."

३

गाणी भरली होती कराडला, जयराजच्या दुकानात. आता तिथं मोबाईलची कव्हरं लटकतात. जयराज पिकल्या मिशांचा, गप्पिष्ट माणूस. कॅसेट बघितल्यावर त्यानं ती आधी नाकाला लावली.

"मागच्या खोलीत भिंतींना गाद्या बांधल्या होत्या मी," तो रंगात येऊन सांगू लागला. "पंखा बंद, घामाच्या धारा. एकच माईक मधोमध टांगलेला आणि सगळी पार्टी भोवतीनं. चुकलं की परत पहिल्यापासनं. काय दिवस होते अण्णा ते. लग्नसराईत कॅसेटीला रांग लागायची."

"आणि बाई?"

"ती भिंतीकडं तोंड करून बसली. डोईवर पदर. म्हणाली, माणसं बघितली की मला सुचत न्हाई. कार्डावर नाव काय छापू म्हटलं, तर म्हणाली, राजाराम आणि पार्टी, बास."

"शेवटच्या कडव्यातलं नाव कापलं कुणी?"

"कापायला माझ्याकडं यंत्र कुठलं? जे वाजलं ते भरलं." जयराज हसला. "एक सांगतो. त्या शेवटच्या ओळीला ढोलकी लय जोरात पडत होती. मी म्हटलं, राजाराम, तिथं जरा हळू मार. तर सगळी पार्टी खो खो हसाय लागली. बाई तर पदरात तोंड घालून. मला आजतागायत कळलेलं नाही काय विनोद झाला."

मूळ टेप कृष्णेच्या पुरात गेली होती. निघता निघता जयराज सहज बोलल्यासारखा म्हणाला, "परवाच धनाजीचा फोन आला होता. मूळ टेप शिल्लक आहे का, विचारत होता."

बुद्धभूषणनं अण्णांकडं पाहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असणार, असं त्याला वाटलं.

४

धनाजी कराडातच राहत होता. फेटा खुंटीला, माणूस खाटेवर, आणि खोलीभर संमेलनांचे शाल-नारळ.

"गाणी माझीच हायती," तो पहिल्याच वाक्याला म्हणाला. विचारायच्या आधी उत्तर देणारी माणसं अण्णांनी नोकरीत पुष्कळ पाहिली होती.

"मग शेवटचं कडवं म्हणून दावा की, गड्या."

धनाजीनं गळा साफ केला आणि म्हटलं, "धनाजीऽऽ सांगतो…" नाव त्या जागेत बसेना. मोठ्या भावाचा सदरा घातल्यासारखं ते मधेच ढगळ झालं. धनाजीलाही ते कळलं. त्यानं मान खाली घातली.

"केली न्हाईत मी," तो हळू आवाजात म्हणाला. "पर म्हटली मीच. राजाराम गेला, पार्टी फुटली, कुणी इचारंना. जत्रंत, शाळंत, लग्नात मी म्हणत ऱ्हायलो. न्हाईतर मेली असती ती गाणी. लोक माझ्या नावानं वळखाय लागले, आन मी गप बसलो. तेवढा माझा गुन्हा."

"आणि मूळ टेप कशाला हवी होती? नष्ट करायला?" बुद्धभूषणनं विचारलं.

धनाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकायला रं. तसं गाणं मला कवाच जमलं न्हाई."

"ती बाई कोण होती?" अण्णांनी विचारलं.

"त्ये मी सांगायचा न्हाई. ती सांगंल तर सांगंल."

"म्हणजे ती जिवंत हाय?"

धनाजी उठला आणि खुंटीवरचा फेटा काढून डोक्याला गुंडाळू लागला.

५

दोघं वाडीत पोचले तेव्हा दुपार टळली होती. हरणाबाई अंगणात वाल निवडत होत्या. पार्टीत झांज त्यांचीच. राजारामचं नाव काढल्यावर त्यांना कितीतरी जुनं आठवलं: जयंतीला रात्ररात्र चालणारी पार्टी, कंदिलांचा उजेड, बैलगाडीत ढोलकी मांडीवर घेऊन झोपलेला राजाराम.

"शेवटी त्यांचं नाव यायचं न्हवं?" अण्णांनी विचारलं.

"यायचं की. नाव आलं की समदी वाडी टाळ्या वाजवायची."

"म्हणा की तेवढी ओळ."

हरणाबाई म्हणू लागल्या. त्या जागेवर येऊन थांबल्या, सुपाच्या कडेवर हातानं चार थापा मारल्या, गालात हसल्या आणि पुढचे शब्द म्हटले. म्हातारपणी विसरल्या असतील, असं अण्णांना वाटलं.

शेजारचंच घर बुद्धभूषणचं. त्याच्या आईनं, पारूबाईंनी, चहा दिला. बारीक चणीची, सत्तरीची बाई. अण्णांनी गाण्यांविषयी विचारलं तर त्या म्हणाल्या, "त्यांचीच की. ह्यानं उगं डोस्क्यात घेतलंय. चा घ्या, निवंल." आणि चुलीपाशी जाऊन बसल्या.

अण्णा हात हलवत सांगलीला परतले. मोठे फौजदार म्हणवतात, आणि एवढंसं नाव सापडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅसेट लावून बसले. एकदा ऐकली, दोनदा ऐकली. ह्या वेळी त्यांनी बाईला सोडलं आणि बाकीच्यांकडं कान दिला. ढोलकीच्या थापांखाली झांज चालूच होती, एकही ठोका न चुकता. आणि शेवटची ओळ मागून झील धरणाऱ्या गड्यांनी परत म्हटली, तेव्हा तेही त्याच जागेवर गप्प बसले.

"आवं," स्वयंपाकघरातून आक्कांची हाक आली. "ऐकलासा काय? भाकरी गार हुतीया."

अण्णा उठले आणि दारातच थबकले. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली. ह्या बाईनं आपल्याला कधी, एकदा तरी, नावानं हाक मारलीय?

"काय झालं वो?" आक्का म्हणाल्या. "असं का बघालायसा?"

"तू लय मोठं काम केलंस," अण्णा म्हणाले, आणि भाकरी तशीच ठेवून त्यांनी बुद्धभूषणला फोन लावला.

६

शनिवारी सकाळी पारूबाईंच्या सोप्यात सगळे जमले. धनाजीला अण्णांनी कराडहून गाडीत घालूनच आणला होता. हरणाबाई उंबऱ्याशी बसल्या. पारूबाई आत चुलीपाशी.

"पहिली गोष्ट," अण्णा म्हणाले, "नाव कुणी पुसलेलंच न्हाई. एकच माईक हुता. नाव पुसलं असतं तर हरणाबाईंची झांजबी त्यासंगं पुसली असती. पण झांज अखंड हाय. म्हणजे ती ओळ भरली तवाच तशी हुती."

"मग नाव गेलं कुठं?" बुद्धभूषणनं विचारलं.

"सांगतो. गाणं तुझ्या वडिलांनी केलं असतं, तर त्यांनी आपलं नाव सरळ घातलं असतं. बाईला म्हणायला अवघड वाटलं, तर मागं धनाजी हुता, बाकीचे गडी हुते. त्यांना कसली अडचण? त्यांनी म्हटलं असतं. पण तेबी तिथं गप बसतात. म्हणजे त्या ओळीत नाव कधी नव्हतंच. गाणं रचणाऱ्यानं जागा मोकळी सोडूनच गाणं रचलं. पुढं शब्द हाय 'सांगतो'. म्हणजे जागा गड्याच्या नावाची. आता मला सांगा, गड्याच्या नावाला जागा ठेवायची आणि ते नाव तोंडानं मात्र घ्यायचं न्हाई, असं गाणं जगात कोण रचंल?"

हरणाबाई पदराआड हसत होत्या.

"त्याची बायको," अण्णा म्हणाले. "नवऱ्याचं नाव घ्यायची चाल न्हवती. मग ज्याचं नाव, त्याच्याच हातात ती जागा दिली. रा-जा-रा-म. चार थापा. स्वतःचं नाव तो स्वतःच वाजवायचा. वाडीला ठाऊक हुतं, म्हणून टाळ्या पडायच्या. जयराजनं तिथं हळू वाजव म्हटल्यावर पार्टी हसली ती त्याच्यापायी. आणि मी शहाणा, चोर शोधत फिरलो."

बुद्धभूषण उठून आतल्या दाराशी गेला. "आई, तू?"

पारूबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"भात लावताना सुचायची," त्या म्हणाल्या. "सांजच्याला मी म्हणायची, ते ढोलकी धरायचे. बाईनं केल्यात म्हटल्यावर लोकं नाकं मुरडायची, म्हणून त्यांच्या नावावर. त्यांना न्हाई आवडायचं. म्हणायचे, तुजं नाव घाल. मी म्हटलं, ऱ्हाऊ द्या, दोघांचीच हायती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला बाप बघाय मिळाला न्हाई. म्हटलं, एवढं तरी त्येचं म्हणून असू दे तुज्याजवळ." पारूबाईंनी डोळे पुसले. "ते गेले, आन माजं गाणंबी ऱ्हायलं. शेवटाला आलं की तिथं थाप पडंना. मग पुढं जायाचं कसं?"

बुद्धभूषण आईजवळ जमिनीवरच बसला. एवढी वर्षं तो बापाचा आवाज शोधत होता, आणि आईचा आवाज त्याच घरात गप्प बसून होता. त्याला रडू आवरलं नाही, आणि त्यानं ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

धनाजी पुढं आला. "वैनी, माझं चुकलं. उद्या संमेलनात मी समद्यांच्या पुढं सांगतो, गाणी कुणाची ते. पर म्हणायची तुमी. मी मागं झील धरतो."

"आता कुठला आवाज गड्या," पारूबाई म्हणाल्या.

"एक कडवं," अण्णा म्हणाले. आपण फौजदार होतो हे ते विसरले होते. "मावशी, पाटणच्या स्टँडवर तुमच्या गाण्यानं मला जगवलंय. एकदा ऐकवा."

पारूबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. पदर डोईवर ओढला. आवाज फाटला होता, दम पुरत नव्हता, पण अण्णांना तो पहिल्याच शब्दाला ओळखू आला. खाचर आलं, इरलं आलं, धुक्यात बुडालेली वाट आली. शेवटचं कडवं आलं आणि त्या थांबल्या. धनाजीनं मांडीवर थाप द्यायला हात उचलला. पारूबाईंनी मागं न बघताच नको म्हणून हात हलवला.

"नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी हुतं म्हणायचे," त्या भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाल्या. "म्हणून कवा घेतलं न्हाई. तरी गेलेच की. आता कशाला भ्यायाचं?"

आणि त्यांनी श्वास भरून म्हटलं,

"राजाराम सांगतो, ऐक माझे सखे,
उजाडल्याबिगर ऱ्हात न्हाई गं."

गाणं संपलं. पारूबाई वळल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाजेनं लाल झाला होता.

"घेतलं बया," त्या हरणाबाईंना म्हणाल्या, आणि पदरात तोंड लपवून हसू लागल्या.